आत जातंय, पण रक्त येत नाही

"सिस्टर, जातंय एकदम छान. फक्त रिटर्न नाहीये."

केमोच्या डे-केअरमध्ये हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. त्यातल्या "फक्त"वर मी अडकते. त्या दिवशीही अडकले. ज्युनिअर सिस्टरने केमोपोर्टमध्ये, म्हणजे औषधासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीत, तिची खास ह्यूबर सुई नीट लावली होती, सलाईन अडथळ्याशिवाय जात होतं, छातीवर सूज नव्हती, दुखणं नव्हतं. पण सिरिंजचा दांडा मागे ओढला की रक्त नाही, नुसती पोकळी. ट्रेमध्ये डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाच्या दोन लालभडक सिरिंजा भरून ठेवलेल्या होत्या.

काकू निफाड तालुक्यातल्या, वय ४७, डाव्या स्तनाचा कर्करोग. ऑपरेशनआधी केमो द्यायची ठरली होती: डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड २१ दिवसांच्या अंतराने चार वेळा, नंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, एकूण १२. हाताच्या शिरा पहिल्याच तपासण्यांत दमल्या होत्या, म्हणून उजव्या बाजूला केमोपोर्ट बसवलेला. मानेतल्या शिरेतून नळी खाली हृदयाच्या तोंडाशी, आणि कॉलरबोनखाली त्वचेच्या आत पाच रुपयांच्या नाण्याएवढी डबी. आज तिसरी सायकल. जानेवारीचा शेवट, द्राक्षकाढणी तोंडावर. काका सकाळच्या एसटीने आलेले आणि संध्याकाळची गाठायच्या घाईत.

"जातंय ना, मग देऊन टाकू का?" ज्युनिअरने हळूच विचारलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार खुर्च्या भरलेल्या, बाहेर सहा जण बसलेले. पण डॉक्सोरुबिसिन नळीबाहेर मांसात गेलं तर तिथली कातडी मरते, जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधी कातडीचं रोपण करावं लागतं. रक्त मागे येणं ही नळीचं टोक शिरेच्या आत असल्याची हातात असलेली सगळ्यात सोपी खूण. सलाईन आत जातं यावरून टोक शिरेत आहे हे ठरत नाही. सुई डबीबाहेर असली, नळी मध्येच चिरली असली किंवा टोकाभोवती फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांची, पिशवी झाली असली, तरी थोडा वेळ सलाईन मजेत जात राहतं. पिशवीच्या बाबतीत तर औषध टोकातून बाहेर पडून नळीच्या कडेने उलटं वर चढतं आणि भलतीकडेच सांडतं.

म्हणून आधी साध्या गोष्टी. काकूंना उजवा हात वर करायला लावला, मान डावीकडे, मग खोकायला. सपाट झोपवलं, कुशीवर वळवलं, खोल श्वास घेऊन रोखायला सांगितलं. टोक शिरेच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर यातल्या एखाद्या हालचालीने सुटतं. नाही सुटलं. सुई पाऊण इंची होती. ती तळाला टेकलीय का हे बोटाने दाबून पाहिलं. डबीचा धातूचा तळ सुईच्या टोकाला लागला की एक कडक ठेच जाणवते, तशी जाणवली. तरीही नवी, एक इंची सुई घेऊन पुन्हा टोचलं. आधी १० मिली सलाईन थांबत-थांबत, मग आणखी १०. रिटर्न शून्य.

सरांनी छातीचा एक्स-रे सांगितला, हात शरीरालगत सोडून. टोक जागेवर होतं, नळीला पीळ किंवा चिमटा नव्हता. पोर्टची नळी कॉलरबोनखालच्या शिरेतून घातली असती तर बरगडी आणि कॉलरबोनच्या मधे ती चिरडली जाण्याची शंका घ्यावी लागली असती. काकूंची मानेतून होती, म्हणून ती शंका मागे पडली. उरली गुठळी किंवा फायब्रिन.

सरांनी गुठळी विरघळवणारं युरोकायनेज लिहून दिलं, मिलीला ५००० युनिट, २ मिली. डबी आणि नळी मिळून साधारण तेवढंच पोटात मावतं. सावकाश सोडलं, सुईची नळी दाबून बंद करणारा क्लॅम्प लावला, आणि सुईच्या पंखांवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं: "आत औषध आहे, फ्लश करू नये." फ्लश म्हणजे सलाईन ढकलून नळी धुणं. ही पट्टी मला फार महत्त्वाची वाटते. जेवणाच्या वेळी शिफ्ट बदलते, नवीन येणारी "अरे, फ्लश राहिलंय" म्हणून प्रेमाने १० मिली ढकलते आणि औषध रक्तात वाहून जातं. परदेशात या कामाला बहुधा अल्टेप्लेज वापरतात, २ मिलीत २ मिलिग्रॅम. कूल नावाच्या चाचणीत दोन तासांच्या एका डोसने ७४ टक्के बंद नळ्या उघडल्या होत्या आणि दुसऱ्या डोसनंतर हा आकडा ९० टक्क्यांवर गेला. अल्टेप्लेज आपल्याकडे मिळतं, पण हृदयविकाराच्या मापाच्या मोठ्या व्हायलमध्ये. दोन मिलिग्रॅमसाठी तेवढ्या पैशांची व्हायल फोडायला कोणाचा हात धजावत नाही.

अर्ध्या तासाने ओढून पाहिलं, काही नाही. तासाने, तरी काही नाही. काका दारातून दोनदा डोकावून गेले. दोन तासांनी दांडा ओढला तर आधी गुलाबी पाणी, मग काळपट दोऱ्यांसारखे दोन तुकडे, आणि त्यांच्यामागून धो-धो रक्त. ५ मिली काढून टाकलं, २० मिलीने धुतलं, पुन्हा ओढून पाहिलं. वाहत्या सलाईनच्या बाजूने डॉक्सोरुबिसिन द्यायला घेतलं, दर ३-४ मिलीला थांबून रिटर्न बघत. एकूण ४५ मिली. संध्याकाळची एसटी चुकली. काका रात्री धर्मशाळेत राहिले.

प्रश्न सुटला म्हणून फाइल मिटवता आली असती. पण दुसऱ्या सायकलला रिटर्न व्यवस्थित होता, नोंद माझ्याच अक्षरात आहे. मग २१ दिवसांत झालं काय?

डिस्चार्ज कार्ड काकांच्या पिशवीत होतं. दुसऱ्या सायकलनंतर अकराव्या दिवशी ताप, पांढऱ्या पेशी खाली, हिमोग्लोबिनही खाली. जवळच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस ॲडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक, दोन पिशव्या रक्त. सगळं पोर्टमधून. कार्डावर शेवटची ओळ: "पोर्ट फ्लश केला, हेपरिन लॉक केला." हेपरिन लॉक म्हणजे रक्त गोठू नये म्हणून नळीत हेपरिन भरून ठेवणं. ओळ खरीच होती. तरीही चौदाव्या दिवशी हेपरिन लॉक केलेला पोर्ट एकविसाव्या दिवशी बंद. वॉर्डात तीन मतं झाली: हेपरिन कमी पडलं असेल, हेपरिन जुनं असेल, दर चार आठवड्यांनी फ्लश करायचा नियम पाळला नसेल. तिसरं तर मोजूनही न बघता बोललेलं. मधे सातच दिवस गेले होते.

मी त्या नर्सिंग होममध्ये फोन लावला. तिथली सिस्टर वयाने लहान, पण मोकळी होती. रात्रपाळीला ती एकटी, पेशंट अकरा. दुसरी पिशवी पहाटे अडीचला संपली. सेट काढला, ५ मिली एनएस, म्हणजे सलाईन, "एका दमात" दिलं, मग हेपरिन ३ मिली, सिरिंज शेवटपर्यंत दाबली. सिरिंज काढली, टोपण लावलं, मग क्लॅम्प. सकाळी डिस्चार्जच्या वेळी "लॉक केलेलंच आहे" म्हणून पुन्हा काही न देता सुई काढली. तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला माझीच लाज वाटली, कारण आमच्या वॉर्डात असाच फोन आला असता तर आम्ही आधी रजिस्टर उघडून सही कोणाची आहे ते पाहिलं असतं.

तिने सांगितलेल्यात चार जागा अशा आहेत की एकेकटी असती तर खपून गेली असती.

पहिली, ५ मिली. रोजच्या औषधानंतर १० मिली चालतं. रक्त दिल्यावर, रक्त काढल्यावर, पोषणाचं पांढरं सलाईन किंवा सीटी स्कॅनचा डाय दिल्यावर २०. रक्ताची पिशवी संपते तेव्हा तांबड्या पेशी फक्त नळीत नसतात, डबीच्या कोपऱ्यांतही बसलेल्या असतात. ५ मिलीने डबीतून रस्ता तेवढा धुतला जातो, कोपरे तसेच राहतात.

दुसरी, "एका दमात". सरळ ढकललेलं पाणी मधून वेगाने जातं आणि भिंतीजवळ जवळजवळ थांबलेलं असतं. एक-एक मिलीचे दहा छोटे धक्के, प्रत्येकानंतर जेमतेम अर्ध्या सेकंदाचा थांबा, असं दिलं की दर धक्क्याला प्रवाह नव्याने ढवळतो आणि भिंत घासली जाते. फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत नळ्यांवर हे मोजून पाहिलंय. मी वॉर्डात फारच गावठी पद्धतीने दाखवते. जुन्या सलाईन सेटच्या ड्रिप चेंबरमध्ये चिमूटभर ओलं कुंकू बसू देते आणि एका मुलीला १० मिली सरळ ढकलायला लावते. मधे पांढरी वाट पडते, कडेला लाल कडं उरतं. मग दुसरीला थांबत-थांबत. कडं सुटतं. याला प्रयोग म्हणायचं धाडस मी करणार नाही, पण कुंकवाचं कडं बघितलेली मुलगी पुन्हा एका दमात ढकलत नाही.

डबीच्या बाबतीत एक बारकावा आणखी आहे, तो मलाही दहा वर्षं नोकरी झाल्यावर कळला. ह्यूबर सुईचं तोंड एका बाजूला असतं. ते तोंड नळी जिथून निघते त्याच्या विरुद्ध दिशेला ठेवलं, तर पाणी आधी लांबच्या भिंतीवर आपटून मग डबीभर फिरून बाहेर पडतं. तोंड नळीकडेच केलं तर पाणी जवळचा रस्ता धरतं. बाहेरून तोंड दिसत नाही. पण टोचण्याआधी पंखाची किंवा बाजूच्या नळीची कोणती दिशा तोंडाशी जुळते ते बघून ठेवता येतं. ही सुई सिअ‍ॅटलच्या रॅल्फ ह्यूबर या दंतवैद्याने काढली. तिचं वाकडं टोक डबीवरच्या सिलिकॉनच्या पडद्याला भोक न पाडता फट करतं; सुई निघाली की फट मिटते. साध्या सुईने सिलिकॉनचा तुकडा निघतो आणि मग डबी गळायला लागते.

तिसरी जागा, शेवटपर्यंत दाबलेली सिरिंज. हे मला वाटतं सगळ्यांत कमी माहीत असतं. दांड्याच्या टोकाचं रबर तळाला दाबलं की चपटं होतं. अंगठा सोडला की फुगतं आणि चिमूटभर मागे ओढतं. तेवढं रक्त नळीच्या टोकात शिरायला पुरतं. म्हणून शेवटचा अर्धा-एक मिली सिरिंजमध्येच ठेवायचा, ढकलत असतानाच क्लॅम्प बंद करायचा, मग सिरिंज सोडायची. सुई काढतानाही तेच: ती निघताना डबीत ओढ तयार होते, म्हणून एक हात डबी पकडून, दुसऱ्याने सुई उचलताना शेवटचं द्रव जात राहिलं पाहिजे. दोन हातांत हे बसत नाही, निदान माझ्या दोन हातांत नाही. मी शेजारच्या सिस्टरला क्लॅम्पसाठी बोलावते. एक अपवाद सांगून ठेवते. सुईविना जोडणारे काही कनेक्टर असे असतात की सिरिंज काढताना तेच थोडं द्रव पुढे ढकलतात. त्यांना सिरिंज काढल्यानंतर क्लॅम्प करायचा असतो, आधी केला तर त्यांची किमया वाया जाते. आपल्या वॉर्डात कोणता कनेक्टर येतो हे स्टोअरवाल्याला विचारून घ्यावं. निविदा बदलली की कनेक्टरही बदलतो आणि आपल्याला कोणी सांगत नाही.

चौथी जागा, सकाळी पुन्हा न धुता काढलेली सुई. पहाटे नळीत शिरलेलं रक्त धुऊन काढायची तीच शेवटची संधी होती.

राहिलं हेपरिन. बेल्जियममधल्या लूव्हेनला ८०२ कर्करोगग्रस्तांवर चाचणी झाली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांचे पोर्ट हेपरिनने लॉक केले, अर्ध्यांचे नुसत्या सलाईनने. सलाईनवाले मागे पडले नाहीत. पण तिथे फ्लश करण्याची पद्धत ठरवून दिलेली होती हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे अजून हेपरिन वापरतात, मिलीला १०० युनिट, ३ ते ५ मिली. मला त्याचं फार कौतुक नाही आणि भांडायचंही नाही. भीती मात्र वाटते व्हायलची. ५ मिलीच्या दोन सारख्याच व्हायल येतात, एकीत मिलीला १००० युनिट, दुसरीत मिलीला ५०००. पहिलीतला १ मिली घेऊन ९ मिली सलाईन घातलं की बरोबर १०० होतात. घाईत दुसरी उचलली तर पाचपट. प्लेटलेट्सचा आकडा आधीच घसरलेल्या पेशंटला ते परवडत नाही. शिवाय हेपरिन लॉक असलेल्या पोर्टातून गोठण्याच्या तपासणीचं रक्त काढलं की रिपोर्ट भलताच येतो आणि रात्री दोनला कोणीतरी प्लाझ्मा मागवतं. व्हायल वेगवेगळ्या खणात ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

हेही कबूल करते की काकूंचा पोर्ट त्या रात्रीमुळेच बंद झाला असं छातीठोक म्हणता येत नाही. नळी शरीरात गेल्यापासून थोड्याच दिवसांत तिच्यावर फायब्रिन चढू लागतं, कितीही चांगलं धुतलं तरी. पण दोन तासांत औषधाने सुटलेले ते काळे दोरे ताज्या गुठळीचे वाटले. जुना जाड थर इतक्या सहज सुटत नाही.

आणि आमचं काय? आम्ही काकूंना दिलेल्या कार्डावर छापलं होतं: "दर चार आठवड्यांनी पोर्ट फ्लश करावा." किती मिली, कसा, रक्तानंतर किती, क्लॅम्प कधी, यातलं एकही अक्षर नाही. तालुक्याच्या नर्सिंग होममधल्या त्या मुलीने पोर्ट हाताळण्याची ती दुसरी वेळ. मग आम्ही आमच्याच वॉर्डात सहाजणींना एकेक करून नमुन्याच्या पोर्टवर फ्लश करून दाखवायला लावलं. सहाजणींच्या सहा तऱ्हा. एकजण २ मिलीच्या सिरिंजने "जोर लागतो म्हणून" उघडायला बघत होती. बारीक सिरिंजेत तोच अंगठ्याचा जोर लहान जागेवर पडतो, दाब कितीतरी पटीने वाढतो आणि बंद नळी फुटू शकते. १० मिलीहून बारीक सिरिंजेने नळी कधी उघडायला जाऊ नये, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

नवं कार्ड मराठीत केलं. लिहिताना सगळ्यात मदत झाली ती काकांची. चौथ्या सायकलला ते माझ्यामागे उभे राहून बघत होते. मी थांबत-थांबत देत होते तेव्हा म्हणाले, "ताई, आमच्या ठिबकलाही असंच करतो की. खत सोडून झालं की नुसतं पाणी चालवायचं, शेवटची टोपणं काढून लॅटरल धुवायच्या, नाही तर ड्रिपर चोंदतात." मग थोडं थांबून, "आणि कॅल्शियम नायट्रेट आन्‌ फॉस्फेट एकाच टाकीत नाही टाकायचं. दही होतं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कॅल्शियम आणि फॉस्फेट एका नळीतून पाठोपाठ गेले की पोर्टातही तोच खडा बसतो, आणि तो युरोकायनेजने विरघळत नाही. शेजारच्या खुर्चीवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एक आजोबा ऑक्सॅलिप्लॅटिन घेत होते. त्या औषधाला सलाईन चालत नाही, म्हणून आधी-नंतर डेक्स्ट्रोजने धुवायचं. पण डेक्स्ट्रोज नळीत ठेवायचं नाही, साखरेवर जंतू पोसतात, शेवटी सलाईन हवंच. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे गुळाचं पाणी सोडून तसंच ठेवायचं नाही." कार्डावर मी हे वाक्य घालू शकले नाही, पण "औषधानंतर १०, रक्तानंतर २०, थांबत-थांबत" ही ओळ त्यांच्या सांगण्यावरून सगळ्यात वर मोठ्या टायपात गेली.

चौथ्या सायकलला पहिल्याच ओढीत रक्त आलं. नंतरच्या बाराही आठवड्यांत एकदाही अडलं नाही. ऑपरेशन जूनमध्ये झालं, मग रेडिएशन. पोर्ट काढायला सर अजून तयार नाहीत. वापरात नसलेल्या पोर्टच्या फ्लशसाठी पोर्ट बनवणाऱ्या कंपन्या साधारण चार आठवड्यांचं अंतर सांगतात, पण इन्फ्युजन नर्सेस सोसायटी या शिरेतून औषधं देणाऱ्या नर्सेसच्या संघटनेच्या २०२१ च्या मानकांनी तीन महिन्यांचं अंतरही सुरक्षित असल्याची नोंद घेतली आहे. निफाडहून दर महिन्याला येण्यापेक्षा सरांनी तेच धरलं. जुलैमध्ये फ्लश करून मी कार्डावर पुढची तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली टाकली.

काकांनी कार्ड लांब धरून वाचलं. "हे गोडी छाटणीत येतंय ताई. आठ दिवस अलीकडे घ्या. मजूर मिळाले की मला हलता येत नाही, आणि हिला एकटीला पाठवायची नाही."

मी तारीख खोडून सप्टेंबरची शेवटची लिहिली. काकूंनी पदर सारखा केला आणि उठता उठता विचारलं, "वीस दिले का दहा?"

"रक्त काढलं ना आज तपासायला, काकू. वीस."